बारावा वक्ता

माणसाच्या मनात जे असते ते बाहेर काढायचे असेल, तर आधी त्याच्या डोक्याला फेटा बांधावा लागतो. हा नियम मानसशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही, कारण ती पुस्तकं लिहिणारे कधी वाळवा तालुक्यात राहिलेले नाहीत. मी राहिलो आहे. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि चाळीस वर्षं सूत्रसंचालन केलं. आजवरचे कार्यक्रम एक हजार एकशे बेचाळीस. त्यांत उद्घाटनं, वाढदिवस, साखरपुडे, निवृत्तीचे सत्कार आणि चारशे सहा रक्षाविसर्जनं (पैकी एक घरचं).

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. आष्ट्यापासून जवळ आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं की गावातल्या मान्यवरांची नावं घ्यावी लागतात, आणि लोकसंख्या तीन हजार शंभर असली तरी मान्यवर दोनशे चौदा आहेत. एक नाव गाळलं तर त्या घरातून वर्षभर रामराम मिळत नाही. मागं एका कार्यक्रमात वेळेअभावी मी सातच नावं घेतली होती. अजून दोन गल्ल्या मी वळसा घालून टाळतो.

आमच्याकडे बोलण्याला शिस्त आहे. घरात माणूस 'पाणी आलं का' आणि 'भाकरी झाली का' यापलीकडे बोलत नाही. रानात मोटर चालू असते, त्यामुळे बोलून उपयोग नसतो. मनातलं बोलायचं ते कार्यक्रमात. आधी कुणीतरी परिचय करून द्यावा, मग शाल आणि नारळ द्यावा, मग 'दोन शब्द बोलावेत' अशी विनंती करावी. एवढं झाल्यावर माणूस बोलतो. विनंतीशिवाय बोलणाऱ्या माणसाला आमच्याकडे प्यायलेला समजतात, आणि बहुतेक वेळा तो असतोही.

अशा या सुव्यवस्थित गावात दिवाळीनंतर राजनंदिनी परत आली. ही सुभेदार नानासोंची मुलगी. चौथीत माझ्याच वर्गात होती. पुण्यात दोन वर्षं राहून ती अभिव्यक्ती उपचारक व्हायला निघाली होती. म्हणजे काय, ते तिनं मला पारावर बसून नीट समजावलं. माणसाला चित्र काढायला लावायचं, माती मळायला लावायची, ढोल वाजवायला किंवा सोंग घ्यायला लावायचं, आणि त्या नादात त्याच्या आत वर्षानुवर्षं अडकलेलं बाहेर येऊ द्यायचं. मी म्हणालो, हे तर गाव गणपतीत दहा दिवस करतंच. ती म्हणाली, "व्हय गुरुजी, पण अकराव्या दिवशी परत गप्पच की सगळी."

मुलगी पहिल्यापासून उलट बोलणारी.

नानासोंचा या शिक्षणाला विरोध नव्हता, त्यांना फक्त ते कळत नव्हतं. "आवं गुरुजी, आमच्या पल्टनीत बी असलं हुतं," ते मला म्हणाले. "साब एकेकाला आत बोलवायचा. मन में कोई बात है क्या? आमी म्हणायचो, नहीं साब, सब ठीक है. दोन मिण्टात बाहीर. त्याला दोन वर्सं कशाला लागत्यात?" खरी अडचण बायोडेटाची होती. कोरेगावचं एक चांगलं स्थळ चालून आलं होतं, आणि 'मुलीचा व्यवसाय' या रकान्यात काय लिहावं हे घरात कुणाला सुचेना. शेवटी तिच्या मामांनी 'डॉक्टर (रंग व माती)' असं लिहिलं. कोरेगावकरांनी फोन करून विचारलं, मुलगी इमारतीला रंग देते का.

तेव्हा बाप आणि लेकीत करार झाला. मार्चअखेरपर्यंत तिनं पदविका हातात घ्यावी. घेतली तर तिनं तिला हवं ते करावं आणि कोरेगावला नकार कळवावा. नाही घेतली, तर एप्रिलमध्ये कोरेगाव. (आमच्याकडे वर्ष कॅलेंडरवर कोणतंही असो, हिशेब मार्चअखेरचाच असतो.)

पदविकेसाठी पुण्याच्या संस्थेच्या अटी दोन होत्या. पहिली, साठ सत्रं घ्यायची. दुसरी अट ऐकायला अगदी किरकोळ होती: सांगलीच्या मार्गदर्शक भार्गवी मॅडमच्या समक्ष किमान एका माणसानं किमान एक वाक्य असं बोलावं, जे त्यानं आधी कुणालाही सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "एकच वाक्य? अगं, आपल्याकडं माणसं एका दमात पन्नास मिनिटं बोलतात." ती नुसती हसली. तेव्हा मला वाटलं होतं, आनंदानं हसली.

पहिले तीन आठवडे ती समाजमंदिरात सतरंजी टाकून, मातीचे चार गोळे, रंगपेट्या आणि एक डफ घेऊन बसली. दारावर हातानं लिहिलेला कागद होता: 'या. बसा. मन मोकळं करा.' या काळात एकूण एक व्यक्ती आली. ती म्हणजे ऐंशी वर्षांच्या रंगूबाई. त्या पंख्याखाली आडव्या झाल्या आणि दीड तासानं उठून म्हणाल्या, "लय बरं वाटलं बाई." राजनंदिनीनं हे सत्र धरलं नाही. मी असतो तर धरलं असतं.

आता एखादा माणूस गप्प बसून पोरीची फजिती बघत राहिला असता. मी तसा नाही. मी तिला म्हणालो, "राजनंदिनी, तुझं शास्त्र बरोबर असेल, पण पद्धत चुकते आहे. 'या, बसा' असं लिहिल्यावर कोण येईल? कुणी बोलावलं, कुणाच्या हस्ते, अध्यक्ष कोण, काहीच नाही. निमंत्रणपत्रिकेशिवाय आपल्याकडे माणूस मयताला सोडून कुठंही जात नाही." ती म्हणाली, मला माईक नको, मांडव नको, चार माणसं आणि शांतता पाहिजे. मी म्हणालो, शांतता झाली की लोकांना लाईट गेली असं वाटतं.

पत्रिका छापली. अध्यक्षपदी लालासाहेब. (लालासाहेब हे कारखान्याचे माजी संचालक. गावातल्या कोणत्याही कार्यक्रमाचे ते अध्यक्ष असतात; शाळेतल्या लसीकरणाचेही होते, आणि पहिली सुई त्यांनाच टोचली होती.) पहिल्या सत्राला एकशे सतरा माणसं आली. ऊस तुटायचा हंगाम असताना एकशे सतरा! 'रुग्ण' हा शब्द वापरायचा नाही असं राजनंदिनीनं बजावलं होतं. 'सहभागी' म्हणा म्हणाली. लालासाहेबांना तो शब्द हलका वाटला. त्यांनी 'सत्कारमूर्ती' सुचवला आणि टाळ्यांच्या गजरात तो मंजूर झाला.

सत्राचा क्रम पुढे साठही वेळा तोच राहिला: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मान्यवरांचे सत्कार, सत्कारमूर्तीचा परिचय, उपचार, सत्कारमूर्तीचे दोन शब्द, अध्यक्षीय भाषण, आभारप्रदर्शन, चहा. एकूण वेळ दोन तास चाळीस मिनिटं. पैकी उपचाराला सहा मिनिटं मिळत, आणि मान्यवर वाढले तर चार. अध्यक्षांच्या 'दोन शब्दां'ची सरासरी तेवीस मिनिटं भरली. सर्व सत्रं मिळून पाचशेच्या वर फेटे बांधले गेले. शाली एकूण अकरा होत्या. कार्यक्रम संपला की त्या घडी होऊन परत माझ्या पिशवीत येत, त्यामुळे गावातल्या बऱ्याच मान्यवरांना एकमेकांची ऊब मिळाली. उपचाराच्या दृष्टीनं मला हे महत्त्वाचं वाटतं.

निकाल मात्र राजनंदिनीच्या पुस्तकाप्रमाणे लागेना. तिनं चाळीस जणांच्या हातात माती दिली, चाळीस बैल झाले. आमच्याकडे बेंदराला (इतरत्र याला पोळा म्हणतात) घरोघर मातीचे बैल करतात. लहानपणापासून हाताला तेच वळण. माती हाती आली की आमचा माणूस विचार न करता शिंगं काढायला घेतो. तिनं हे कागदावर लिहून सांगलीला मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी विचारलं, या सगळ्यांना जुंपल्यासारखं वाटतं का? तिनं सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, छे, मजेत आहोत. रंग दिले तर दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि एक नारळाचं झाड. आमच्या गावात नदी नाही, नारळही नाही. पण सगळ्यांना ते चित्र मी शिकवलं होतं, तिसरीत.

आणि दोन शब्द? ते मला आजही पाठ आहेत. "आज माझ्यासारख्या एका सामान्य माणसाचा आपण जो सत्कार केला, त्याबद्दल मी आपला शतशः ऋणी आहे." दूध डेअरीच्या सचिवांनी हेच सांगितलं, पोलीस पाटलांनी हेच सांगितलं. सरपंचबाईंनी हेच सांगितलं, फक्त कागदावरून. त्यांच्या मागं त्यांचे यजमान ओठ हलवत उभे होते. माणसं इतकी एका मनाची असलेलं गाव जिल्ह्यात दुसरं नसेल.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका कार्यक्रमानंतर राजनंदिनी समाजमंदिराच्या पायरीवर बसून सुटलेला फेटा गुंडाळत होती. मी पिशवीत शाली भरत होतो. ती वर न बघता म्हणाली, "गुरुजी, सत्तावन्न झाली. एक वाक्य न्हाई. एक बी न्हाई." मग फेट्याचं टोक आत खोचत म्हणाली, "मी चुकीच्या जागी आले काय ओ?" तिचा आवाज चौथीत पहिल्यांदा गणित चुकलं होतं तेव्हासारखा झाला होता. मला वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. म्हणून मी साठाव्या सत्राला मोठा मांडव घालायचं ठरवलं.

साठावं सत्र तीस मार्चला होतं. भार्गवी मॅडम सांगलीहून सकाळी दहाला आल्या. शांत बाई, सुती साडी, हातात एक वही. "मी मागं बसते, माझ्याकडे लक्ष देऊ नका," असं त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना वेशीपासून हलगीच्या ठेक्यात आणलं, ओटी भरली, फेटा बांधला आणि व्यासपीठावर मधल्या सोफ्यावर बसवलं. व्यासपीठावर एकोणीस जण होते. मॅडमनी दोनदा फेटा काढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मागं उभ्या असलेल्या बायांनी तो पुन्हा नीट बसवला.

सत्कारमूर्ती म्हणून अर्जुनाची निवड झाली होती, आणि ही निवड माझी होती, हे मी अभिमानानं सांगतो. अर्जुना म्हणजे लालासाहेबांचा धाकटा सख्खा भाऊ. बांधावरून दोघांचं फाटलं, त्याला अकरा वर्षं झाली. घरं एका भिंतीला भिंत लागून, पण शब्द नाही. आईच्या आजारपणातसुद्धा दोघं तिच्या खाटेच्या दोन बाजूंना बसत आणि तिच्यामार्फत बोलत. ती गेल्यावर तेही बंद झालं. राजनंदिनी गेले तीन आठवडे अर्जुनाकडे जात होती, एकटी, माझ्या नकळत. गोठ्यात बसून त्यानं तिला काहीबाही सांगायला सुरुवातही केली होती म्हणे. ती मला म्हणाली होती, "गुरुजी, अर्जुनाकाकांना तेवढं मांडवात नका आणू. मॅडमना मी गोठ्यात न्हेते." पण सांगलीहून आलेल्या पाहुण्यांना गोठ्यात बसवायचं? गावाची काही अब्रू आहे.

अर्जुनाला फेटा बांधला. शाल दिली. मी परिचय करून दिला: "अबोल परंतु मनानं निर्मळ." राजनंदिनीनं त्याच्या हातात माती दिली आणि त्याच्याशेजारी खाली बसली. चार मिनिटांत बैल झाला. मग मी त्याला माईकजवळ आणलं. अर्जुनानं समोर बघितलं, खाली बघितलं, घसा खाकरला. राजनंदिनी पुढं सरकली. मॅडमनी वही उघडली.

"आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष," अर्जुना म्हणाला, "आदरणीय श्री. लालासाहेब..."

अकरा वर्षांनी भावाच्या तोंडी भावाचं नाव! मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. लालासाहेबांनी बसल्या जागेवरून हात जोडले. मग अर्जुनानं उरलेल्या अठरा जणांची नावं घेतली, 'माझ्यासारख्या सामान्य माणसाचा' म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. अध्यक्षीय भाषणात लालासाहेब म्हणाले, "सत्कारमूर्ती श्री. अर्जुना यांच्याविषयी काय बोलावं? ते माझ्या परिचयाचे आहेत." कार्यक्रम संपल्यावर दोघं भाऊ एकाच गल्लीनं घरी गेले, एक डाव्या कडेनं, एक उजव्या कडेनं.

मसालेभात आणि जिलेबी मागच्या बाजूला होती. 'आभार मानून हा कार्यक्रम' एवढंच मी म्हणालो, 'संपला' म्हणायच्या आत मांडव रिकामा झाला. व्यासपीठावर मॅडम, राजनंदिनी आणि मी, तिघंच उरलो. मी वायर गुंडाळत होतो. मॅडम फेटा सोडत म्हणाल्या, "राजनंदिनी, तू खूप कष्ट घेतलेस. पण मी काय लिहू? एकही वाक्य झालं नाही. खोटं लिहिणार नाही मी."

राजनंदिनी हातातली माती चुरत राहिली. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, साठ सत्रं झाली. तुमी समद्यांस्नी बोलावलंसा. तुमचं कवा?"

"माझं आभारप्रदर्शनात येतं की," मी म्हणालो.

"बसा."

मी माईक घेऊन बसलो. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि बंद केला. चाळीस वर्षांत माझ्या हातातून कुणी माईक काढून घेतला नव्हता. एका मंत्र्याच्या स्वीय सहायकानं एकदा प्रयत्न केला होता, पण मी त्यांचाच परिचय सुरू केल्यावर ते थांबले. राजनंदिनीनं रिकाम्या हातात मातीचा गोळा ठेवला. मी बैल करायला घेतला. पण माझ्या हाताला बेंदराची सवय नाही, आम्ही मूळचे वाईचे, घरी ना शेत ना बैल. माती लांबट झाली, मग तिच्या टोकाला मी एक गोल बसवला. बघतो तर माईक झाला होता.

मॅडम हसल्या नाहीत. कुणीच काही बोलेना. आमच्या धंद्यात तीन सेकंदांच्या वर शांतता झाली की चारोळी टाकायची असते. मी मातीचा माईक तोंडाजवळ नेऊन म्हणालो, "आदरणीय..." आणि वर बघितलं. अध्यक्षांच्या सोफ्यावर कुणी नव्हतं. लालासाहेबांचा फेटा तेवढा पडला होता.

राजनंदिनीनं हळूच विचारलं, "गोदाकाकींच्या वेळी कोण कोण बोललं हुतं, गुरुजी?"

हा प्रश्न मला सोपा होता. गोदावरी माझी पत्नी. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आमच्या वाईकडच्या घरांत तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जनाला, भाषणं नसतात, पण गाव म्हणालं, गुरुजींच्या घरचं म्हणजे गावाचं, दोन शब्द झालेच पाहिजेत. संचालन कोण करणार? दुसरा सूत्रसंचालक आष्ट्याचा, तो श्रद्धांजलीतही 'जोरदार टाळ्या' म्हणतो. म्हणून माईक मीच घेतला. सकाळी नऊ ते दहा वाजून पाच. अकरा वक्ते. सगळ्यांची नावं मी राजनंदिनीला क्रमानं सांगितली. लालासाहेब शेवटचे होते. माउलीच्या हातचं थालीपीठ मी विसरू शकत नाही, असं ते म्हणाले होते. ते आमच्या घरी कधी जेवायला आले नव्हते.

"आणि तुमी काय बोललासा?"

"मी संचालन करत होतो," मी म्हणालो.

"ते ठावं हाय."

मग मी तिला सांगितलं. गोदावरी माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला यायची आणि शेवटच्या रांगेत बसायची. मी फार लांबवायला लागलो की ती उजव्या कानाला हात लावायची. आमची ती खूण होती. ती खूण दिसली की मी आवरतं घ्यायचो. लोक म्हणायचे, गुरुजींना वेळेचं भान आहे. भान तिला होतं. त्या दिवशी शेजारच्या गावच्या नदीकाठी मी अकरा जणांना बोलावलं, प्रत्येकाच्या मागं दोन ओळी म्हटल्या, आणि दर वेळी माझी नजर मागच्या रांगेवर जात होती. कुणी कानाला हात लावत नव्हतं. ती तीन दिवसांपूर्वी गेली होती, हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. मला तिथंच, त्या वाळूत बसून रडायचं होतं. मोठ्यानं रडायचं होतं. पण पुढचा वक्ता उभा होता.

"अकरा जणांना बोलावलं," मी म्हणालो. "मला कुणी बोलावलंच नाही. माझं नाव यादीत नव्हतं. आणि यादी मीच केली होती, गं."

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. मी रडलो, बराच वेळ रडलो. मातीचा माईक हातात मोडला. राजनंदिनी जवळ बसून होती. तिनं पाठीवर हात ठेवला नाही, पाणी आणलं नाही, 'शांत व्हा' म्हणाली नाही. नुसती बसून राहिली. इतका वेळ माझ्यासाठी कुणी नुसतं बसलेलं मला आठवत नाही. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, खाली सही केली, आणि त्याही बसून राहिल्या. जिलेबी गार झाली.

पदविका टपालानं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली, पण तिच्यावर तारीख एकतीस मार्चची होती. नानासो संध्याकाळी माझ्याकडे येऊन पायरीवर बसले. "आवं गुरुजी, पोरगी पास झाली म्हणं तुमच्यामुळं. कोरेगावला न्हाई म्हणून कळिवलं." मग म्हणाले, "तुमी रडलासा म्हणं?" मी म्हणालो, हो. त्यांनी बराच वेळ चपलेच्या अंगठ्याकडे बघितलं. "आमच्या साबला कुणी असलं सांगितलं न्हाई कदी," ते म्हणाले, आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी ते आपल्या मुलीच्या खोलीबाहेर तासभर उभे होते असं ऐकलं. आत गेले नाहीत. पण तासभर म्हणजे पल्टनीच्या मानानं प्रगती आहे.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. ग्रामसभेत ठराव झाला की, पंचक्रोशीत उपचार लागू पडलेले पहिले गृहस्थ म्हणून गुरुजींचा जाहीर नागरी सत्कार करण्यात यावा. अध्यक्ष लालासाहेब. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'अश्रुरत्न' अशी पदवी छापली. सूत्रसंचालन कोण करणार, असा प्रश्न आला. आष्ट्याच्या माणसाचं नाव निघालं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मीच केलं. या वेळी मात्र मी हुशार झालो होतो. वक्त्यांची यादी करताना अकरा नावांच्या खाली बारावं नाव स्वतःचं लिहिलं आणि त्याखाली रेघसुद्धा ओढली. कार्यक्रम उत्तम झाला. लालासाहेब एकतीस मिनिटं बोलले. शेवटच्या रांगेत राजनंदिनी बसली होती. कानाला हात लावायचा असतो हे मी तिला सांगितलेलं होतं, तरी तिनं लावला नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. बारावं नाव वेळेअभावी गाळावं लागलं.

आता राजनंदिनीनं इस्लामपुरात खताच्या दुकानावर एक खोली घेतली आहे. दोन खुर्च्या, एक टेबल, मातीचं घमेलं, माईक नाही. आल्यावर एक कागद भरावा लागतो आणि त्यात पहिलाच प्रश्न आहे, 'कसे आहात?' आजवर दोनशे बारा जणांनी तो कागद भरला. दोनशे नऊ जणांनी 'मजेत' लिहिलं आणि आपण मेहुण्यासाठी चौकशी करायला आलो आहोत असं सांगितलं. दोघांनी खतांचे दर विचारले. उरलेल्या एकानं तो रकाना कोराच ठेवला आणि खुर्चीवर बसून राहिला. तो अर्जुना होता. तो दर गुरुवारी येतो, आणि अजून त्यानं भावाचं नाव काढलेलं नाही, आदरानंसुद्धा नाही. राजनंदिनी म्हणते, "गुरुजी, हे लय चांगलं चाललंय."

वाचकहो, आमच्या गावाला तुम्ही मनापासून हसलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. जाता जाता एकच विचारतो: कसे आहात?

बघा. प्रश्न पुरा व्हायच्या आत तुम्ही 'मजेत' म्हणून मोकळे झालात. समोर मांडव नाही, अध्यक्ष नाहीत, डोक्याला फेटा नाही; एकटेच बसून वाचताय, तरी. तुम्ही कुणाकुणाला बोलावलंत आणि कुणाचं नाव वेळेअभावी गळलं, ते मला ठाऊक नाही. यादी तुमच्याच हातची आहे, एकदा वाचून बघा. गुरुवार सोडून खोली मोकळी असते.